लहेजा

अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे वऱ्हाडाचे पाच जिल्हे एकत्र मोजले तर भरतात सुमारे ४६ हजार चौरस किलोमीटर. अख्खा नेदरलँड्स देश, ज्याला आपण सवयीनं हॉलंड म्हणतो, तळी-कालवे धरूनही याहून चार-साडेचार हजारांनी लहान. २०११ च्या जनगणनेत या पाच जिल्ह्यांत १ कोटी १२ लाख माणसं मोजली गेली. १९७० साली हॉलंडात ती १ कोटी ३० लाखांच्या घरात होती. जवळपास वऱ्हाडाएवढाच मुलूख, जवळपास वऱ्हाडाएवढीच माणसं. तुलना इथंच थांबवलेली बरी, कारण पुढं रॉटरडॅमचं बंदर, फिलिप्सचे कारखाने आणि डच ईस्ट इंडिया कंपनीनं दोन शतकं जमवलेली पुंजी आडवी येते. तरी संगीताचा विचार करताना हे माप मला सोयीचं वाटतं. एवढ्याशा देशानं १९६९ ते १९७७ या काळात प्रोग्रेसिव्ह रॉक नावाच्या, मुळात इंग्रजांच्या, प्रकारात फोकस, एक्सेप्शन, सुपरसिस्टर, अर्थ अँड फायर, कायाक, ट्रेस, फिंच असे बँड ओळीनं उभे केले. (बँड म्हटलं की आपल्याकडं वरातीतला क्लॅरिनेट आधी ऐकू येतो, तो तूर्त बाजूला ठेवू.) तीन मिनिटांच्या गाण्याला कंटाळलेल्या पोरांनी ते गाणं ताणून रेकॉर्डची एक अख्खी बाजू व्यापेल एवढं केलं, त्यात ताल मोडले, चर्चमधला ऑर्गन आणला, बासरी आणली, आणि ऐकणाऱ्यानं नाचण्याऐवजी बसून ऐकावं अशी अपेक्षा ठेवली, हा त्या प्रकाराचा थोडक्यात हिशेब. या डच बँडांपैकी मला कोणते आवडतात, कोणते नाही आणि का, हे सांगताना मुद्दा मात्र एकच मांडायचा आहे. तो लहेज्याचा आहे.

लहेजा म्हणजे काय हे वऱ्हाडी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तो पुण्याला शिकायला गेला की पहिल्या महिन्यात 'मले-तुले' गिळायला शिकतो, 'काहून' ओठावर आलं की त्याचं 'का' करतो, आणि 'करून राह्यलो' म्हणायच्या आधी क्षणभर थांबतो. हे थांबणंच त्याला पकडून देतं. नाटक-सिनेमात त्याची बोली बहुतेक वेळा हसण्यापुरती येते. उद्धव शेळक्यांनी १९६० साली 'धग'मध्ये तीच बोली दारिद्र्य आणि दुखण्याच्या तोंडी दिली आणि वाचकाला हसू आलं नाही, याला अपवाद म्हणायचं की उत्तर, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण बोलण्यातला हाच लहेजा गाण्यावाजवण्यात आला की आपण त्याला दोष म्हणत नाही, घराणं म्हणतो. एखाद्या गवयाचा आकार वेगळा लागतो, एखाद्याची तान विशिष्ट जागी वळते, आणि जाणकार मान डोलावतो. दुसऱ्याची भाषा बोलताना जे उणं ठरतं, तेच दुसऱ्याचं वाद्य वाजवताना ओळख ठरतं. माझं म्हणणं असं, की डच बँडांतले जे खरोखर टिकले त्यांनी हा लहेजा जिभेवरून काढून बोटांत ठेवला. आणि ज्यांनी तो जिभेवरच ठेवून इंग्रजांसारखं गायचा प्रयत्न केला ते चांगले असूनही दुय्यम राहिले.

पुरावा म्हणून सगळ्यात आधी फोकसच घ्यावा लागतो. १९६९ साली ॲमस्टरडॅममध्ये थाइस फान लेअर यानं हा बँड जमवला. सुरुवातीला 'हेअर' या अमेरिकी संगीतिकेच्या डच प्रयोगाला साथ करणं हा त्यांचा धंदा होता, म्हणजे पोटापाण्याला परक्याचीच गाणी. फान लेअर ऑर्गन वाजवायचा आणि बासरीही; वडील बासरीवादक, त्यामुळं बासरी घरातली. पुढं यान आक्करमान हा गिटारवाला येऊन मिळाला. त्याला रॉक गिटारइतकाच ल्यूटचा नाद, म्हणजे युरोपातल्या जुन्या दरबारी तंतुवाद्याचा. चारशे वर्षांपूर्वीच्या जॉन डाउलंडच्या रचना त्यानं स्वतःच्या रेकॉर्डवर ल्यूटवरच वाजवल्या आहेत. या दोघांच्या हातून १९७१ साली 'होकस पोकस' निघालं. रचना साधी आहे. गिटारवर एक खणखणीत तुकडा, जणू कुणी लोखंडी फाटक हलवतंय. तो दोनदा वाजतो, मग सगळे थांबतात आणि ड्रम एकटा धावतो. मग फान लेअर योडेल करतो, म्हणजे छातीचा आवाज आणि डोक्यातला बारीक आवाज यांच्यामध्ये झोके घेत वर चढत जातो, इतका वर की ऐकणाऱ्याचाच श्वास अडकावा. पुन्हा फाटक. मग बासरी, तीही फुंकताना घशातून गुरगुरत. पुन्हा फाटक. मग शीळ, मग अकॉर्डियन, मग काहीही. दर खेपेला त्याच तुकड्यावर परत यायचं आणि मधल्या जागेत प्रत्येक वेळी नवा खेळ करायचा. पाश्चात्त्य शास्त्रात याला रोंडो म्हणतात. आपल्याकडं भजनात धृपदावर परत येणं म्हणतात. १९७३ साली हे गाणं अमेरिकेच्या यादीत नवव्या क्रमांकावर गेलं. सबंध गाण्यात अर्थ असलेला एकही शब्द नाही.

आता योडेल ही गोष्ट मुद्दाम जवळून पाहण्यासारखी आहे. योडेल डोंगरातलं. स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियाच्या गुराख्यांनी एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर हाक पोचवण्यासाठी ते घडवलं असं मानतात. हॉलंडात कडाच नाही. देशाचा जवळपास चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली. आपल्या चिखलदऱ्याला तरी दऱ्या आहेत, तिथं कुणी योडेल केलं तर प्रतिध्वनी तरी येईल. तेव्हा डच माणसानं योडेल करणं ही लोकपरंपरा नव्हे, ती थट्टा आहे. इथंच 'मुळांकडं परत चला' म्हणणाऱ्यांची गाडी घसरते. रॉकला मातीचा वास यावा म्हणून आपल्याकडं गिटारच्या शेजारी ढोल-ताशा उभा करतात, गायकाला फेटा बांधतात, मध्येच एक लेझीमचा तुकडा टाकतात, आणि मराठी रॉक झालं असं समजतात. तो पेहराव झाला. फोकसनं पवनचक्की दाखवली नाही, लाकडी बूट घातले नाहीत, ट्यूलिपवर गाणं केलं नाही. त्यांचा डचपणा वेगळ्या जागी आहे: एका तुकड्यावर काटेकोर परत येण्याची ऑर्गनवाल्याची शिस्त, आणि एवढी शिस्त पाळत असताना स्वतःवरच हसण्याची कोरडी खोड. 'होकस पोकस' ज्या रेकॉर्डवर आहे तिच्याच दुसऱ्या बाजूला त्यांनी 'इरप्शन' ही २३ मिनिटांची रचना ठेवली. विषय ऑर्फिअस आणि युरिडिसीचा, त्यात मॉन्तेव्हेर्दीच्या १६०७ सालच्या ऑपेराचे धागे. एका बाजूला माकडचेष्टा, दुसऱ्या बाजूला सोवळं, आणि दोन्हीला हात तेच.

या रेकॉर्डचं हॉलंडाबाहेरचं नाव 'मूव्हिंग वेव्ह्ज', आणि त्या नावाची एक कहाणी मराठी वाचकाला जवळची वाटेल. त्या नावाचं छोटंसं गाणं रेकॉर्डवर आहे, पियानो आणि आवाज एवढंच, आणि त्याचे शब्द हजरत इनायत खान यांचे आहेत. इनायत खान १८८२ साली बडोद्यात जन्मले. बडोदा तेव्हा गायकवाडांचं. सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, आणि दरबारात मराठीचा वावर घरच्यासारखा. इनायत खानांचे आजोबा मौलाबक्ष यांनी त्याच सयाजीरावांच्या आश्रयानं १८८६ साली बडोद्यात गायनशाळा काढली, गाणं लिहून ठेवण्याची स्वतःची पद्धत तयार केली आणि ते वर्गात बसवून शिकवायला सुरुवात केली. भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली तीही याच बडोद्यात, १९१६ साली. या घरातला वीणा वाजवणारा तरुण १९१० साली पश्चिमेकडं गेला, हळूहळू वीणा खाली ठेवून शब्दांनी सूफी विचार सांगू लागला, आणि त्याला श्रोते मिळाले त्यात डच लोक बरेच होते. काटवेकच्या समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांत त्याच्या अनुयायांचं मंदिर आजही उभं आहे. फोकसनं त्याचे शब्द घेतले. पण खरं सांगायचं तर रेकॉर्डवरची ही सर्वांत कमजोर जागा आहे. शब्दांत वजन आहे, फान लेअरचा आवाज मात्र ते इंग्रजी शब्द जपून, परक्या घरची कपबशी उचलावी तसे उचलतो. ज्या गळ्यानं योडेलमध्ये आभाळ फाडलं तो इथं अंग चोरून उभा आहे. बडोद्याहून निघालेला वीणावादक बोलण्याकडं वळला. त्याचे बोल हातात आले तेव्हा ॲमस्टरडॅमचा बासरीवाला बोलण्यात अडखळला.

हीच फूटपट्टी बाकीच्यांना लावून पाहावी. अर्थ अँड फायरचं 'साँग ऑफ द मार्चिंग चिल्ड्रन', साल पुन्हा १९७१. ऑर्गन आणि मेलोट्रॉन ही कळवाद्यं अशी दाटून येतात की मृगाच्या आधीचं आभाळ आठवावं, आणि येर्नी कागमानचा आवाज बुलंद आहे. पण शब्द सुरू झाले की ते कुठल्याही इंग्रजी बँडचे असू शकले असते. कायाकचंही तसंच: हिल्व्हरसमची ही मंडळी चाली बांधण्यात सगळ्यांत हुशार, टॉन शेर्पेन्झेलची बोटं मखमली, आणि तरीही त्यांची रेकॉर्ड लावली की आपण एखादी बरी इंग्रजी रेकॉर्ड ऐकतो आहोत असं वाटतं. उलट हेगचा सुपरसिस्टर. तेही इंग्रजीतच गातात, पण गाण्याला फार महत्त्व देत नाहीत. रोबर्ट यान स्टिप्स ऑर्गनवर एखादा विषम मात्रांचा तुकडा सुरू करतो, बासरी त्याच्या पाठीवर बसते, आणि आता गंभीर काही होणार अशी तयारी झाली की मंडळी मुद्दाम वात्रटपणा करतात. १९७२ च्या त्यांच्या रेकॉर्डचं नाव 'पुडिंग एन खिस्टरन', म्हणजे 'पुडिंग आणि काल'. अर्थ विचारू नये. वीसेक मिनिटांची ती रचना ऐकताना हसू आणि मोजणी दोन्ही एकदम चालू राहतात. फिंच तर सरळ मुकाच. १९७५ ते १९७७ मध्ये तीन रेकॉर्ड काढल्या, तिन्हीत गायक नाही. पहिलीवर गिटार आणि ऑर्गन एकमेकांना असे कापत जातात की दोन सुतार एकाच फळीवर दोन टोकांनी रंधा मारताहेत असं वाटावं. माझ्या आवडीचा क्रम त्यामुळं फोकस, सुपरसिस्टर, फिंच असा लागतो, आणि तो विक्रीच्या क्रमाशी अर्थातच जुळत नाही.

पहिला आक्षेप ठरलेला आहे: ही सगळी इंग्रजांची नक्कल. नक्कल होतीच, ते नाकारण्यात अर्थ नाही. शास्त्रीय संगीताला ड्रम जोडण्याची वाट इंग्लंडमध्ये द नाइस या बँडनं आधी पाडली, आणि हार्लेमच्या एक्सेप्शननं १९६९ साली बेथोव्हनची पाचवी सिंफनी त्या वाटेनं हाकली. पण प्रकार उसना आहे म्हणून त्यातली कला उसनी, हे अमरावतीच्या माणसानं तरी म्हणू नये. १९३२ साली अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांनी फारसी-उर्दूतून आलेली गझल मराठीत रुजवली. त्यांच्या आधीही मराठीत गझलेचे प्रयत्न झाले होते, पण भटांनी केलं ते वेगळं होतं. गझलेला वऱ्हाडी धोतर नेसवून त्यांनी ती 'आपली' करून घेतली नाही. त्यांनी तिचे सगळे कायदे मान्य केले, रदीफ, काफिया, वृत्त, एकेका शेराचं स्वतंत्र असणं, आणि ते कायदे मराठी शब्दांच्या लघु-गुरूंवर कसे चालतात याचा हिशेब लावला. एवढंच करून ते थांबले नाहीत. 'गझलेची बाराखडी' लिहून नवशिक्यांच्या हाती दिली. 'रंग माझा वेगळा' १९७४ चं, 'एल्गार' १९८३ चा. त्या संग्रहांत लहेजा ऐकू येतो तो बोलीच्या शब्दांतून येत नाही, आव्हान देताना वाक्य जिथं मोडतं त्या जागेतून येतो. परक्या प्रकाराचे नियम अर्धवट मानणारा नक्कल करतो. सगळे मानणाऱ्यालाच त्यात स्वतःची जागा सापडते. आक्करमाननं ल्यूट शिकताना हेच केलं होतं.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे बोटांची सर्कस, वीस मिनिटांचं विद्वत्ताप्रदर्शन. याला अर्धी मान तुकवावी लागते. एक्सेप्शनचा रिक फान डर लिंडन कीबोर्डवर बसला की कुणाचं ऐकायचा नाही. बँडच्या हार्लेम शहरात सिंट बाव्होच्या चर्चमध्ये १७३८ सालचा प्रचंड ऑर्गन आहे, दहा वर्षांच्या मोझार्टनं तो वाजवून पाहिला होता. अशा गावच्या बँडमधल्या ऑर्गनवाल्याला आवाज थोडा कमी कर म्हणून कुणी सांगायचं? बाखच्या चालीखाली ड्रम घातल्यानं बाखही वाढत नाही आणि ड्रमही, आणि त्या बँडच्या बऱ्याच रेकॉर्ड आज लग्नाच्या हॉलमधल्या पार्श्वसंगीतासारख्या वाटतात. पण सर्कस म्हणून कसब सरसकट मोडीत काढायचं असेल तर अकोला जिल्ह्यातल्या सिरसोलीच्या सत्यपाल महाराजांचं काय करायचं? खंजेरी हे वाद्य म्हणजे एक लाकडी कडं, एका तोंडावर ताणलेलं कातडं, कड्याच्या खाचांत सैल बसवलेल्या पितळी चकत्या. पावसाळ्यात कातडं सर्द झालं की आवाज बसतो, मग शेकावं लागतं. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी हे वाद्य हातात धरून सबंध विदर्भाला भजनाचा नाद लावला. सत्यपाल महाराजांनी एकीच्या सात केल्या. सात खंजेऱ्यांचा संच मांडून ते बोलतात, गातात, श्रोत्याला वऱ्हाडीत टोमणा मारतात, आणि टोमण्याच्या शेवटच्या शब्दावर हात असा फिरतो की हशा आणि थाप एकाच मात्रेवर पडतात. दारू, हुंडा, बुवाबाजी हा विषय. पण गर्दी आधी जमते ती हातासाठी. यात दिखाऊपणा आहे, भरपूर आहे. त्या दिखाऊपणाशिवाय गावच्या पारावर दोन-तीन तास माणूस बसत नाही. कीबोर्डांच्या तटबंदीत बसलेला फान डर लिंडन आणि सात खंजेऱ्यांत बसलेला हा प्रबोधनकार यांच्यात फरक कसबाचा नाही. खंजेरीवाल्याला परत कुठं यायचं ते ठाऊक आहे, ऑर्गनवाला वाजवतच सुटतो.

पैशाचा आक्षेप सगळ्यांत व्यवहारी आहे. ॲमस्टरडॅममध्ये १९६८ साली एका जुन्या प्रार्थनागृहात 'पॅराडिसो' सुरू झालं, शहराच्या पाठबळानं. तरुण बँडला उभं राहायला छप्पर, वीज आणि ऐकणारी माणसं मिळाली. इथं कपाशीच्या भावात आणि बोंडअळीत अडकलेल्या मुलखाला वीस मिनिटांच्या गिटारचं काय कौतुक, असं कुणी म्हटलं तर त्याला वेडा म्हणता येणार नाही. पण मंच नाहीत हे खरं नाही. वऱ्हाडातल्या गावागावांत गुरुदेव सेवा मंडळं आहेत, खंजेरी भजनांच्या स्पर्धा होतात, रात्र-रात्र चालतात, बाहेरगावचे संघ टेम्पो करून येतात, कुणाचा ठेका घसरला हे पारावरची म्हातारी माणसं अचूक सांगतात. एवढे सराईत कान फुकट उपलब्ध असलेला मुलूख युरोपातही सहज सापडणार नाही. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात गिटार घेऊन उभा राहणारा मुलगा या कानांकडं जात नाही, कारण त्याची नजर मुंबईवर असते. आणि मुंबईत काय झालं? १९७० च्या सुमाराला तिथं सिगारेटच्या नावानं 'सिमला बीट' स्पर्धा भरायच्या, त्यातल्या बँडांच्या रेकॉर्डही निघाल्या; बहुतेक मंडळी इंग्रजीत, शक्य तितक्या इंग्रजी तोंडानं गात होती. १९८४ साली रॉक मशीन हे बँडचं नाव पुढं आलं. वाजवण्यात पक्कं, देशभर नाव झालं, पुढं १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं. नावात सिंधू आली तरी जीभ बदलली नाही. २०१३ मध्ये कोशिश या बँडनं 'फिरदौस' हा एका कल्पनेत गुंफलेला हिंदी अल्बम काढला, तो मला या सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण त्यात शब्द कमी बोलतात आणि ताल जास्त. तेव्हा उणीव छपराची असेल, पैशाची असेल, पण पहिली उणीव ती नव्हे.

सगळ्यांत अवघड आक्षेप शेवटी ठेवला आहे, कारण त्याचं पुरतं उत्तर माझ्याजवळ नाही. वऱ्हाडाचं संगीत शब्दावर जगतं. तुकडोजींच्या खंजेरीचा उपयोग काय, तर शब्द पोचवणं. गाडगेबाबांचं कीर्तन म्हणजे तर नुसते प्रश्न: ते विचारायचे, लोक उत्तर द्यायचे, आणि उत्तर देतादेता लोकच स्वतःला पकडून द्यायचे. १९५६ साली वांद्र्यात झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. त्या आवाजात वऱ्हाडी लहेजा पुरेपूर आहे, कुठंही गिळलेला नाही, आणि मुंबईचा श्रोता त्याच्यामागून चालत जातो. म्हणजे लहेजा जिभेवरून काढून बोटांत ठेवावा या माझ्या म्हणण्याला आमच्याच घरातला हा सर्वांत मोठा आवाज छेद देतो. एवढंच म्हणता येईल, की गाडगेबाबा स्वतःच्या भाषेत बोलत होते. त्यांनी भाषाही उसनी घेतली नव्हती आणि प्रकारही. उसन्या प्रकारात आपली भाषा कशी घालायची हा डच मुलांपुढचा प्रश्न त्यांच्यापुढं कधी उभाच राहिला नाही. हॉलंडातही पुढं, १९८० च्या आसपास, डू मार नावाच्या बँडनं डच भाषेत गाऊन पोरांना वेड लावलं, पण तोवर वीस मिनिटांच्या रचनांचे दिवस सरले होते.

एक जागा मात्र अशी आहे जिथं फोकसनं उसन्या प्रकारात आपली भाषा घालून पाहिली. १९७४ ची 'हॅम्बर्गर कॉन्चेर्तो' ही त्यांची रेकॉर्ड. नाव थट्टेचं, हॅम्बर्ग शहरातला म्हणून ब्राम्स आणि पावातला मांसाचा तुकडा एकाच शब्दात. वीस मिनिटांच्या त्या रचनेच्या भागांनाही हॉटेलातल्या कार्डासारखी नावं आहेत, कच्चं, मध्यम भाजलेलं, नीट भाजलेलं. सुरुवात हायडनच्या एका चालीवरच्या ब्राम्सच्या बांधणीतून होते. आणि 'नीट भाजलेलं' या भागात, एवढा वेळ शब्दाविना चाललेल्या धुमाळीनंतर, फान लेअर ऑर्गनवर संथ होतो आणि डचमध्ये गातो. ते नाताळगीत योस्ट फान डन फोंडलच्या 'ख्येस्ब्रेख्त फान आम्स्टल' या नाटकातलं, १६३७ सालचं; म्हणजे तुकोबा देहूला अभंग करत होते त्या काळातलं. ॲमस्टरडॅममध्ये हे नाटक दरवर्षी नव्या वर्षाच्या तोंडावर लावायची पिढ्यानपिढ्यांची रीत होती, आणि ती रीत १९६८ साली बंद पडली होती. इथं त्याचा गळा अजिबात अंग चोरत नाही. परदेशी ऐकणाऱ्याला ती भाषा लॅटिन वाटू शकते, किंवा योडेलचाच एखादा शहाणा भाऊ. डच घरातल्या माणसाला पहिल्या दोन सुरांतच कळतं. गाणं थोडकंच टिकतं, मग गिटार परत येते, आणि ते ख्रिसमसचे शब्द तिच्याखाली बुडून जातात.